हरवलेले नुक्ते

ईदच्या दुसऱ्या दिवशी आमचा सगळा गोतावळा दारव्ह्याला फुफीच्या घरी जमतो. यवतमाळ, पुसद, दिग्रस, एखादे कुटुंब नागपूरहून, एखादे हैदराबादहून. दुपारचे जेवण आटोपले की मोठ्या खोलीत सतरंज्या पडतात आणि गप्पा सुरू होतात. या वर्षी मी ठरवले होते की गप्पांच्या आधी सर्वांना सात मिनिटांची एक फिल्म दाखवायची. अब्बांना जाऊन तीन वर्षे झाली. घरातल्या अगदी लहान मुलांनी तर त्यांना पाहिलेलेही नाही.

आमच्याकडे फोटो भिंतीवर टांगण्याची रीत नाही. होते तेवढे पत्र्याच्या पेटीत, शेतीच्या कागदांबरोबर. मोजून चौतीस निघाले. त्यातला माझा सर्वांत आवडता फोटो १९९३चा. मोतीबाग स्टेशनात शकुंतला उभी आहे आणि अब्बा तिच्या इंजिनाजवळ, एक हात कमरेवर ठेवून. यवतमाळ–मूर्तिजापूर या अरुंद रुळांवरच्या गाडीचे वाफेचे इंजिन १९९४ मध्ये गेले, डिझेलचे आले, आणि आता तर गाडीच बंद आहे. म्हणजे त्या फोटोत जे दोघे आहेत, ते दोघेही आता फोटोतच उरले.

फोटोंच्या खाली एक पत्र सापडले. फिकट निळ्या इनलँडवर निळ्या शाईने लिहिलेले, १९६७ सालचे. अब्बा तेव्हा अमरावतीला कॉलेजात होते आणि पत्र दादाजानना लिहिलेले होते. विषय होता फुफीचा. ती त्या वर्षी गावच्या शाळेत चौथीत होती. पत्रात काय आहे, ते मी कोणालाच सांगितले नाही. फुफीने ते स्वतः वाचावे, असे मला वाटत होते. तिचे शिक्षण चौथीपुरतेच, पण उर्दू ती छान वाचते आणि कोणी वाचून दाखवू लागले तर तिला राग येतो. "मला येतं वाचता," हे तिचे ठरलेले वाक्य. अलीकडे मात्र नजर अधू झाली आहे, बारीक अक्षर लागत नाही. टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर अक्षर मोठे दिसेल आणि ती वाचेल, असा माझा हिशेब होता.

लॅपटॉपवर सगळे फोटो स्वच्छ दिसत होते. पण पेनड्राइव्ह टीव्हीला लावला आणि पहिल्याच फोटोला माझा चेहरा उतरला. अब्बांच्या डोळ्यांच्या जागी दोन काळे डाग. शकुंतलेच्या रुळांखालचे स्लीपर मुंग्या चालाव्यात तसे वळवळत होते. दर काही क्षणांनी चित्र विस्कटायचे आणि पुन्हा सावरायचे. पत्र आले तेव्हा फुफीने खुर्ची पुढे ओढली. पडद्यावर निळ्या पानावर निळ्या ओळी होत्या, पण शब्द नव्हते. तिने पहिली ओळ लावून पाहिली. "खैरियत" या साध्या शब्दावर ती अडखळली, दुसऱ्यांदा प्रयत्न केला आणि थांबली.

"राहू दे बेटा, पुढचं दाखव. माझेच डोळे गेले आता," ती म्हणाली.

मला ते वाक्य फार लागले. दोष तिच्या डोळ्यांचा नव्हता. मीही त्या पडद्यावर तो शब्द वाचू शकत नव्हते, कारण अक्षरांचे नुक्तेच उडाले होते. उर्दू जाणणाऱ्या वाचकांना हे सांगायला नको. "दुआ" आणि "दगा" यांत उर्दू लिपीत एका नुक्त्याचाच फरक. "खुदा" आणि "जुदा" यांत तर नुक्ता वर की खाली एवढाच. मराठीत आपण चिंता आणि चिता यांतला टिंबाचा फरक मुलांना सांगतो, तसेच हे. वर्गात नुक्ता विसरणाऱ्या मुलांचे मी गुण कापते. इथे माझ्याच हातून शेकडो नुक्ते गळाले होते.

यवतमाळला डिप्लोमा करणारा माझा भाचा मदतीला आला. दोन रविवार आम्ही या एकाच गोष्टीमागे घालवले. जे समजले ते इथे लिहिते, कारण लग्नाची, निवृत्तीची, कुणाच्या आठवणीची अशी फोटोंची फिल्म हल्ली घरोघरी बनते आणि बहुतेकींची तक्रार हीच असते की फोटो चांगला होता, व्हिडिओत खराब झाला.

हजेरीपट आणि व्हिडिओ

एडिटिंग करताना सॉफ्टवेअर आपल्या मूळ फोटोला हात लावत नाही. कोणता फोटो कधी, किती वेळ दाखवायचा, याची फक्त नोंद ठेवते. शेवटी आपण "रेंडर" किंवा "एक्सपोर्ट" असे बटण दाबतो, तेव्हा त्या नोंदींवरून खरी फिल्म तयार होते. फोटो बिघडतो तो बहुधा इथे.

दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये वाटाण्याच्या रोपाची एकेक चौकट ठरावीक अंतराने टिपली आणि त्यांतून "अंकुराची वाढ" हा लघुपट केला. आपला सिनेमाही असा स्थिर चित्रांतूनच उगवला. त्या काळच्या फिल्मच्या पट्टीवर प्रत्येक चौकट म्हणजे एक पूर्ण फोटो असे. आजच्या व्हिडिओत तसे नसते. सेकंदाला २५ चौकटी धरल्या तर पाच सेकंद दिसणाऱ्या एका फोटोच्या १२५ चौकटी होतात. त्या सगळ्या पूर्ण साठवल्या तर फाइल प्रचंड होईल. म्हणून एक चौकट पूर्ण साठवतात आणि पुढच्या चौकटींत फक्त काय बदलले एवढेच लिहितात.

हजेरीपटाशी याचे साम्य आहे. महिन्याच्या पहिल्या पानावर मी सगळ्या मुलांची नावे लिहिते. रोज पुन्हा नावे लिहीत नाही, फक्त हजर-गैरहजरची खूण करते. नवा महिना आला की पुन्हा पूर्ण नावे. व्हिडिओत हा "नवा महिना" दर काही सेकंदांनी येतो. जागा अपुरी असली की ते पूर्ण पान घाईत, ओबडधोबड लिहिले जाते आणि नंतर हळूहळू दुरुस्त होते. आमच्या टीव्हीवर चित्र विस्कटत आणि सावरत होते, त्याचे कारण हे.

ही जागा किती द्यायची ते "बिटरेट" या आकड्याने ठरते. मराठीच्या पेपरात उताऱ्याचा एक तृतीयांश सारांश लिहायला सांगतात. तोच उतारा चार ओळींत लिहा म्हटले तर मुलगा मुख्य मुद्दा ठेवील आणि बारकावे सोडील. व्हिडिओही तेच करतो. आकाश ठेवतो, भिंत ठेवते, चेहऱ्याचा घाट ठेवतो. पापणीचा केस, कापडाची वीण आणि नुक्ता सोडून देतो.

मी बिटरेट किती ठेवला होता? दीड एमबीपीएस. हैदराबादच्या भावंडांना फोनवर पाठवता यावी म्हणून फाइल लहान केली होती, सुमारे ८० एमबी. यूट्यूब १०८० ओळींच्या नेहमीच्या व्हिडिओसाठी ८ एमबीपीएस सुचवते. त्याचा हिशेब सोपा आहे. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला १ एमबी, मिनिटाला ६० एमबी, सात मिनिटांना ४२० एमबी. पेनड्राइव्हला एवढी जागा म्हणजे काहीच नाही. मी उगाच कंजूषी केली होती.

पाचपट लहान चौकट

दुसरी चूक याहून मोठी. प्रोजेक्ट सुरू करताना सॉफ्टवेअर विचारते की चौकट केवढी हवी. यादीत "डीव्हीडी–पाल" असा शब्द दिसला. टीव्हीवर दाखवायचे आहे, मग डीव्हीडीचेच माप घ्यावे, असे मला वाटले. ते माप ७२० बाय ५७६ ठिपक्यांचे. गुणाकार केला तर ४,१४,७२०. आजच्या साध्या एचडी टीव्हीची चौकट १९२० बाय १०८०, म्हणजे २०,७३,६००. बरोबर पाचपट. माझ्या फोटोंचे पाचातले चार ठिपके मी पहिल्याच पायरीवर फेकून दिले होते. टीव्हीने उरलेल्या एका हिश्श्याला ताणून पडदा भरला.

त्या जुन्या मापात आणखी एक गोम असते. जुन्या टीव्हीसाठी चित्र दोन हप्त्यांत दाखवत. आधी विषम ओळी, मग सम ओळी, असे सेकंदाला ५० वेळा. याला "इंटरलेस्ड" म्हणतात. हलत्या चित्रात ते खपून जाते. स्थिर फोटोतल्या बारीक आडव्या रेघा मात्र यात थरथरतात. शकुंतलेचे स्लीपर वळवळत होते ते यामुळे.

आता पत्राचे गणित पाहा. पानावर २५ ओळी. पूर्ण पान ५७६ ठिपक्यांच्या उंचीत बसवले तर एका ओळीला २३ ठिपके. नुक्ता ओळीच्या दहाव्या भागाएवढा धरला तर त्याच्या वाट्याला जेमतेम दोन ठिपके. त्यातला एक विषम ओळीत, एक सम ओळीत. वर बिटरेट तोकडा. नुक्ता वाचणार कसा?

म्हणून प्रोजेक्ट उघडतानाच १९२० बाय १०८० निवडावे आणि "इंटरलेस्ड"ऐवजी "प्रोग्रेसिव्ह" ठेवावे. रेंडरच्या खिडकीतही हेच दोन आकडे पुन्हा तपासावेत. शॉटकट आणि केडेनलाइव्ह ही मोफत सॉफ्टवेअर आहेत, दोन्हींत ही सोय आहे. संगणक जुना असेल तर काम हलके व्हावे म्हणून सॉफ्टवेअर "प्रॉक्सी" नावाच्या कमी दर्जाच्या प्रती वापरते. केडेनलाइव्हच्या रेंडर खिडकीत प्रॉक्सी वापरूनच रेंडर करण्याची एक चौकोनी खूण असते. शेवटची फिल्म काढताना ती खूण काढलेली असावी.

लॅपटॉपच्या छोट्या खिडकीत जे दिसते त्यावर विसंबू नये, हाही धडा मिळाला. चार बोटांच्या खिडकीत कोणताही फोटो स्वच्छ दिसतो. आम्ही पुढे असे केले की सर्वांत कठीण फोटोचे पंधरा सेकंद तेवढे रेंडर करायचे, टीव्हीला लावायचे आणि पाच-सहा फूट लांब बसून पाहायचे. पूर्ण फिल्मला अर्धा तास लागतो. पंधरा सेकंदांना दोन मिनिटे पुरतात.

मूळ फोटोच कसा आहे?

चौकट आणि बिटरेट सुधारूनही काही फोटो धूसरच राहिले. ते फोनवर मागवलेले होते. व्हॉट्सअॅपवर साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो वाटेत लहान होतो, त्याची लांब बाजू बहुधा १६०० ठिपक्यांच्या आसपास उरते. एचडी पर्याय निवडला तर बरा जातो, पण मूळ फोटो जसाच्या तसा हवा असेल तर पाठवणाऱ्याला "डॉक्युमेंट म्हणून पाठवा" असे सांगावे. हैदराबादच्या चुलतभावाला मी फोन करून दोन फोटो पुन्हा मागवले. तेच फोटो, पण दुसऱ्यांदा आले तेव्हा अब्बांच्या अचकनीची बटणे मोजता आली.

कागदावरचा फोटो स्कॅन करताना "डीपीआय" विचारतात, म्हणजे एका इंचात किती ठिपके. ६ बाय ४ इंचांचा फोटो ३०० वर स्कॅन केला तर १८०० बाय १२०० ठिपके मिळतात. रुंदी पडद्याच्या १९२० पेक्षाही कमी. ६०० वर केला तर ३६०० बाय २४००, म्हणजे थोडे जवळ जायलाही वाव. पासपोर्ट फोटो तर १२०० वर करावा. तो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा असतो. ६०० वर त्याचे सव्वाआठशे बाय एक हजार ठिपकेच होतात. झेरॉक्सवाला सहसा ३०० वर करून देतो. आपण आकडा सांगितला तर वाढवून देतो, फक्त सांगावे लागते.

स्कॅनर नसेल तर फोनने फोटो काढावा. मात्र फोटो काचेतून बाहेर काढून, व्हरांड्याच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून आणि फोन कागदाला अगदी समांतर धरून.

जवळ जाण्याचा मोह

फोटो पडद्यावर हळूहळू जवळ येतो किंवा बाजूला सरकतो, ही पद्धत अमेरिकेतल्या केन बर्न्स या माहितीपटकाराच्या नावाने ओळखली जाते. १९९० साली त्यांनी तिथल्या यादवी युद्धावरची मालिका बरीचशी जुन्या फोटोंवर उभी केली. कित्येक सॉफ्टवेअरमध्ये आज हा परिणाम त्यांच्याच नावाने तयार मिळतो. मी तो चौतीसही फोटोंना लावला होता.

याचे दोन तोटे. जवळ जाताना फोटोत तेवढे ठिपके नसतील तर सॉफ्टवेअर आहे तेच ताणते. दुसरे असे की फोटो सरकू लागला की प्रत्येक चौकटीत सगळेच बदलते. म्हणजे हजेरीपटात रोज सर्व मुलांची नावे नव्याने लिहिण्यासारखे. बिटरेट तिथेच संपतो. फोटो स्थिर ठेवला तर वाचलेली जागा बारकाव्यांना मिळते आणि चित्र उलट अधिक स्वच्छ होत जाते. आता मी पाच-सहा फोटोंनाच हलवते, तेही सावकाश. आणि ३६०० ठिपक्यांच्या फोटोत दुपटीच्या पलीकडे जवळ जात नाही.

फोटो पडद्यापेक्षा कितीतरी मोठा असेल, तर तेही नेहमी चांगले नसते. व्हिडिओ सॉफ्टवेअर घाईत लहान करते, मग कडा दातेरी दिसतात. गिम्पसारख्या फोटोच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आधीच माप कमी करून घ्यावे. स्थिर ठेवायचा असेल तर पडद्याएवढे, जवळ जायचे असेल तर दुप्पट. मूळ स्कॅन वेगळ्या फोल्डरमध्ये जपावा. त्याला कधी हात लावू नये.

पत्राचे पाच तुकडे

पत्रासाठी वेगळा विचार करावा लागला. बहुतेक व्हिडिओंत उजेड-अंधाराची माहिती प्रत्येक ठिपक्याची ठेवतात, रंगाची माहिती मात्र चार ठिपक्यांना मिळून एक. निळ्या कागदावर निळी शाई म्हणजे रंगावर विसंबलेले अक्षर. ते पसरट होणारच. म्हणून स्कॅनची प्रत घेऊन ती करड्या रंगात आणली आणि शाई काळी, कागद उजळ होईल इतका फरक वाढवला. ती प्रत जेपेगऐवजी पीएनजी प्रकारात ठेवली, कारण जेपेग अक्षरांच्या कडांभोवती धूळ सोडते.

मग पानाचे पाच तुकडे केले, प्रत्येकात पाच ओळी. पडद्याची उंची १०८०. एका ओळीला आता २१६ ठिपके. नुक्त्याच्या वाट्याला दोनऐवजी वीस. प्रत्येक तुकडा अर्धा मिनिट, अजिबात न हलवता. भाच्याने पंधरा सेकंद रेंडर करून टीव्हीला लावले. मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला भिंतीला टेकून उभी राहिले आणि "खैरियत" वाचले.

सुंदर पण परका चेहरा

एक गोष्ट सांगायची राहिली. अब्बांचा लग्नाआधीचा एक फोटो फार लहान आहे, चेहरा शेंगदाण्याएवढा. भाचा म्हणाला, "खाला, एआयने एका मिनिटात साफ होतो." झालाही. डोळे चमकदार, केस विंचरलेले, कातडी नितळ. मी खूश झाले आणि फुफीला फोनवर पाठवला. तिचा लगेच फोन आला. "हा कोण गं? कोणी सिनेमावाला दिसतो."

ती बरोबर होती. जे ठिपके फोटोत नाहीत ते असे अॅप अंदाजाने भरते. हजारो चेहऱ्यांवरून शिकलेला तो अंदाज असतो, त्यात अब्बांच्या डाव्या भुवईवरचा व्रण कसा असेल? फोटोवरचे ओरखडे, डाग काढण्यापुरते हे ठीक. चेहऱ्याला लावू नये. आम्ही तो फोटो जसा होता तसा, लहानच ठेवला. बाजूला रिकामी काळी जागा राहिली. राहू दे.

फुफीचे वाचन

तीन आठवड्यांनी, एका रविवारी, मी आणि भाचा पुन्हा दारव्ह्याला गेलो. या वेळी गर्दी नव्हती. फुफी, तिची सून आणि पाचवीत शिकणारी तिची नात. टीव्हीने चौकटीच्या कडा कापू नयेत म्हणून त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्र पूर्ण दिसेल असे केले. कित्येक टीव्ही आपणहून चारी बाजूंनी थोडे कापतात, पत्राची पहिली ओळ त्यात जाते.

शकुंतला आली. स्लीपर जागच्या जागी. फुफी हसली, "भाईला त्या इंजिनाचा फार शौक." मग पत्र आले. मी काही बोलले नाही. ती अक्षर जुळवीत वाचू लागली. पहिल्या पाच ओळींत सलाम, तब्येत, परीक्षेची तारीख. दुसरा तुकडा. तिसऱ्या तुकड्यात तिला आपले नाव दिसले आणि आवाज थोडा खाली आला. अब्बांनी लिहिले होते की चौथीनंतर हिचे पुस्तक बंद करू नका. पाचवीसाठी दारव्ह्याला पाठवावे लागेल, खर्च वाढेल, हे मला ठाऊक आहे. माझ्या खर्चातून दरमहा पाच रुपये कमी पाठवा, मी भागवीन.

"पाँच" या शब्दावर ती थांबली. उर्दूत त्या छोट्या शब्दात सात नुक्ते आहेत. "रोक," ती भाच्याला म्हणाली. उठून पडद्याजवळ गेली, तो शब्द पुन्हा वाचला, मोठ्याने.

दादाजानांनी तिला पाचवीला पाठवले नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. अब्बा शिकत राहिले आणि ती घरी राहिली, याचा एक बारीक काटा तिच्या बोलण्यात कधीकधी लागायचा. आपल्यासाठी कोणी शब्द टाकला होता, हे तिला अठ्ठावन्न वर्षे माहीत नव्हते. अब्बांनीही कधी सांगितले नाही. बहुधा नकार आला म्हणून.

ती बराच वेळ काही बोलली नाही. नातीने विचारले, "दादी, पाच रुपयांत तेव्हा काय यायचं?" फुफीने तिला जवळ बसवले आणि उरलेल्या दोन तुकड्यांतल्या ओळी बोट दाखवून तिच्याकडून वाचून घेतल्या. जिथे ती अडखळली तिथे स्वतः सांगितले.

फिल्म संपल्यावर भाचा पेनड्राइव्ह काढायला गेला, तर तिने त्याला थांबवले. "बाकी फोटो राहू दे. तेवढा कागद परत लाव."

वाचक बहिणींनो, तुमच्या घरीही अशी एखादी पेटी असेल. उन्हाळ्याच्या सुटीत ती उघडा. घरातल्या मुलांना स्कॅनचे, एडिटिंगचे काम द्या. ती आपल्यापेक्षा लवकर शिकतात. फक्त चार आकडे त्यांच्याकडून तपासून घ्या: स्कॅन ६०० डीपीआय, चौकट १९२० बाय १०८०, प्रकार प्रोग्रेसिव्ह, बिटरेट निदान आठ. पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि घरातले कोणी वडीलधारे पडद्याकडे पाहून "माझेच डोळे गेले" म्हणाले, तर आधी आपली फाइल उघडून पाहा.